सहाव्या सीडीतला अकरावा नंबर

काकांनी कान तपासून घेतले ते माझ्यामुळे. हे पहिल्याच ओळीत लिहून टाकतो. मागे ठेवलं तर तिथपर्यंत पोचेस्तोवर मी काहीतरी सबब शोधीन आणि गाळून टाकीन. स्वतःला चांगला ओळखतो मी.

काका नात्याने माझे कुणी नाहीत. समोरच्या बिल्डिंगमध्ये चौथ्या मजल्यावर राहतात. बस डेपोतून हेड मेकॅनिक म्हणून रिटायर झाले. स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनाला लावायचं, मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून सांगायचं की कुठलं बेअरिंग कधी जाणार. माझ्या शाळेच्या दिवसांत त्यांच्या खिडकीतून आमच्या लाडक्या बँडची गाणी यायची आणि मी आमच्या खिडकीत पुस्तक धरून ऐकत बसायचो. एकदा त्यांनी समोरून हाक मारली, "पुस्तक उलटं धरलंयस. त्यापेक्षा वर ये." मी गेलो. तेव्हापासून जातोच आहे.

बँडचं नाव सांगत नाही. सांगितलं की भांडणं होतात. चार माणसं होती, त्यातली दोन आता नाहीत आणि उरलेली दोन एकमेकांशी बोलत नाहीत. एवढं पुरे.

तर या बँडच्या चाहत्यांचा आमचा फोनवर गट आहे. चौघांचा. काका, मी, एक दातवाला डॉक्टर आणि एक भूगोलाचे मास्तर. गट छोटा आहे, पण मतं एवढी आहेत की दुसरा कुणी आला तर गुदमरेल. गेल्या वर्षी बँडचा मोठा बॉक्स सेट निघाला. आठ सीड्या, एकशे चाळीस गाणी, वर एक जाडजूड पुस्तक. ताबडतोब गटात दोन तट पडले. दातवाल्याचं म्हणणं, त्यातली नव्वद गाणी आपल्याकडे आहेतच, हा म्हणजे एकच दात तिसऱ्यांदा भरण्याचा प्रकार. मास्तर म्हणाले, प्रश्न गाण्यांचा नाही, क्रमाचा आहे, ही गाणी ज्या क्रमाने रेकॉर्ड झाली त्या क्रमाने पहिल्यांदाच येतायत. दातवाला म्हणाला, मग काय परीक्षा द्यायची आहे का. मी म्हणालो, तालमीतली न छापलेली गाणी आहेत, ती महत्त्वाची. काका म्हणाले, "आधी ऐका तरी." यावर कुणी काहीच बोललं नाही, कारण ऐकण्याआधीच वाद संपत आला होता.

शेवटी चौघांनीही मागवला. आणि ठरलं की दर आठवड्याला एका सीडीचा निकाल लावायचा. निकाल लिहिणार मी. मी ऑफिसात दिवसभर लिहीतच असतो ना.

मी लिफ्टच्या कंपनीत तक्रारी घेतो. 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' हे वाक्य मी दिवसातून साठ वेळा बोलतो. एकदा झोपेत बोललो असं ताई सांगते. काकांच्या बिल्डिंगची लिफ्टही आमचीच. काका वर्षातून दोन-तीनदा मला फोन करून सांगायचे, वरच्या मोटरचं अमुक बेअरिंग बोलायला लागलंय, आठवड्यात जाईल. आमचा मेकॅनिक पहिल्यांदा हसला. दुसऱ्यांदा गप्प बसला. तिसऱ्या वेळेपासून तो स्वतःच मला विचारायला लागला, "काकांचा फोन आला का रे?" हे लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

माझा सेट पार्सलच्या ऑफिसात अडकला. वर मजकूर लिहिला होता 'पुस्तक'. खिडकीतल्या बाईंनी खोका कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाल्या, पुस्तक असं वाजत नाही. मी म्हटलं, आत सीड्याही आहेत. मग मजकूर चुकीचा, म्हणजे नवा फॉर्म. त्या फॉर्मात शेवटचा प्रश्न होता, वस्तू चालू स्थितीत आहे का? मी 'हो' लिहिलं.

"तपासलीत?"

"नाही."

"मग हो कसं लिहिलंत?"

मला बाईंचा राग आला. मी स्वतः तक्रारी घेणारा माणूस, मला फॉर्म शिकवतात. आता वाटतं, त्या एकट्या बाईंनी मला पुरतं ओळखलं होतं. पुढचे दोन महिने मी तेवढंच केलं. न तपासता 'हो'.

खोका घरी आला तेव्हा लक्षात आलं की तो ठेवायचा कुठे. वजन दोन वर्षांच्या पोराएवढं. आईने पलंगाखाली जागा दाखवली. पलंगाखाली? ज्यांच्यासाठी माणसं स्टेडियमच्या कुंपणावर चढली ते पलंगाखाली, चपलांच्या शेजारी? मी ठरवलं, भिंतीवर खास फळी ठोकायची. स्वतः.

ही बातमी जिन्यात कशी पोचली माहीत नाही. तळमजल्यावरचा टेलर टेप घेऊन वर आला, भिंत मापली आणि म्हणाला, भिंतीचं पोट सुटलंय, फळी तिरकी बसणार. खालच्या मजल्यावरच्या निवृत्त इन्स्पेक्टरांकडे ड्रिल होतं, पण ते ड्रिल देत नाहीत, ड्रिलसोबत स्वतः येतात. आणि आले की तुम्हाला धरायला लावतात. मी म्हटलं, आभारी आहे, मी खिळ्यांवर भागवतो. ते जिन्यातच उभं राहून म्हणाले, "खिळा ठोकण्याआधी भिंतीत काय आहे ते बघतात." मी म्हटलं, भिंतीत भिंत आहे. ताई हसली आणि मला वाटलं माझ्या विनोदाला हसली.

चार खिळे ठोकले. तीन वाकडे गेले, चौथा मात्र लोण्यात सुरी जावी तसा आत गेला. मला माझा अभिमान वाटला. फळी जराशी उजवीकडे उतरलेली होती. लांबून बघितलं तर कलात्मक वाटायचं.

मग सुरू झाले निकाल.

मी पलंगावर उशीला टेकून ऐकायचो. उजवा स्पीकर माझ्या कानाजवळ, डावा तिकडे कपाटापलीकडे, आईने त्यावर इस्त्रीचे कपडे रचून ठेवलेले. पहिल्या सीडीबद्दल मी लिहिलं की नव्या कामात गिटार जवळजवळ पुसून टाकली आहे, आणि जुन्या लोकांना हे पचणार नाही, पण हे धाडस आहे. दातवाल्याने लगेच लिहिलं, अगदी बरोबर, अक्कलदाढ काढल्यासारखं मोकळं वाटतं. मास्तरांनी लिहिलं, पठारावर उभं राहिल्यासारखं. काकांनी लिहिलं, "माझ्याकडे गिटार आहे की रे. चांगली खणखणीत आहे."

आम्ही तिघांनीही हसणारी तोंडं पाठवली.

दुसऱ्या सीडीला मी 'उणिवेचं सौंदर्य' असा शब्द काढला. दातवाल्याला तो इतका आवडला की त्याने दवाखान्यात पेशंटलाही ऐकवला (पेशंटचं तोंड उघडं होतं, नकार देता आला नाही). तिसरी, चौथी, पाचवी. मी लिहायचो, दोघं मान डोलवायचे, काका म्हणायचे, माझ्याकडे वेगळं ऐकू येतंय. मी समजावायचो, काका, तुमच्या डोक्यात जुनी रेकॉर्ड बसलीय, तीच वाजते. माझ्या आवाजात एक प्रेमळ मोठेपणा आला होता. लिहिताना आवाज नसतो, पण आला होता.

मग सहावी सीडी. अकरावा नंबर.

खोक्याच्या मागे गाण्यांची यादी होती. अकराव्या नंबरसमोर गाण्याचं नावच नव्हतं, नुसती एक रेघ आणि वेळ, चार मिनिटं दहा सेकंद. पुस्तकात त्याबद्दल काही लिहिलं असेलच, पण पुस्तक वेगळ्या पाकिटात सीलबंद होतं आणि सील फोडलं की सेटचा मान जातो हे आमच्यात सगळ्यांना ठाऊक आहे. मी अकरावा नंबर लावला. काही नाही. शांतता. चार मिनिटं दहा सेकंद पूर्ण शांतता, आणि मग बारावं गाणं.

माझ्या अंगावर काटा आला. खोटं कशाला बोलू, खरंच आला. मी डोळे मिटून ती शांतता तीन वेळा ऐकली. मग सोळा परिच्छेद लिहिले. गेलेल्या दोघांसाठी ठेवलेली ही जागा आहे, असं लिहिलं. एकमेकांशी न बोलणाऱ्या दोघांनी मिळून केलेलं हे एकमेव काम आहे, असंही लिहिलं. शेवटच्या परिच्छेदात स्वतःच्याच लिखाणाने माझे डोळे भरून आले.

दातवाला म्हणाला, मी तर रडलो. मास्तर म्हणाले, तिसऱ्या मिनिटाला ती शांतता जास्त गडद होते, लक्षात आलं का. मी म्हटलं, आलं.

काकांचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. ते एका बोटाने टाइप करतात. "अरे, माझ्याकडे अकराव्या नंबरला गाणं आहे. एकटा माणूस गिटार वाजवतोय. घरातच असावा. मध्ये खुर्ची करकरते. मी पाच वेळा लावून पाहिलं."

यावर मी जे लिहिलं ते अजून फोनमध्ये आहे. पुसलेलं नाही, पुसणारही नाही. मी लिहिलं, "काका, एका वयानंतर मन रिकाम्या जागा भरायला लागतं. काळजी घ्या."

दोघांनी त्याला अंगठे दिले. काकांनी पुढे काही लिहिलं नाही. मला वाटलं, पटलं त्यांना.

महिन्याभराने ऑफिसात फोन वाजला. काकांच्या बिल्डिंगची लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये अडकली होती आणि आत काकांची सून होती, भाजीच्या पिशव्यांसकट. मी नेहमीचं वाक्य म्हटलं. त्या म्हणाल्या, "भाऊजी, नोंदवून घेऊ नका, बाहेर काढा."

मेकॅनिकने त्यांना काढलं. वरचं बेअरिंग पार गेलं होतं. मला फोनवर म्हणाला, "आठ-दहा दिवस ओरडत असणार हे. काकांनी कसं नाही सांगितलं या वेळी?"

संध्याकाळी मी गेलो. दार काकांच्या सुनेने, वहिनींनी उघडलं. हळू आवाजात म्हणाल्या की बाबा महिनाभर गप्पगप्प आहेत, कानाच्या डॉक्टरकडे जाऊन आले, आपणहून. मी विचारलं, मग? त्या म्हणाल्या, डॉक्टरांनी सांगितलं कान तिशीतल्या माणसासारखे आहेत.

मला हायसं वाटलं. वहिनींना नाही. कारण कान चांगले, तरी नसलेलं गाणं ऐकू येतं, म्हणजे भानगड कानाच्या वर. कानाच्या डॉक्टरने वरच्या मजल्यावरच्या डॉक्टरकडे चिठ्ठी दिली होती. डोक्याच्या. वहिनींनी काकांच्या स्कूटरची किल्ली डब्यात लपवून ठेवली होती.

काका खिडकीत बसले होते. प्लेअर बंद, वर फडकं घातलेलं. मी विचारलं, लिफ्टचा आवाज आला नव्हता का तुम्हाला?

"आला होता," काका म्हणाले. "पहिल्याच दिवशी आला. पण म्हटलं, आपल्याला काय, नाही ते पण ऐकू येतं. उगाच तुमचा माणूस हेलपाटे मारायचा." मग उठले, कपाटातून त्यांचा बॉक्स सेट काढला आणि माझ्या हातात दिला. "हा तू ने. तुला नीट कळतो."

मी तो घेतला. बघा, मी तो घेतलाही. जिना उतरताना मला वाईट वाटत होतं, पण आत कुठेतरी असंही वाटत होतं की आता माझ्याकडे दोन झाले.

घरी येऊन दुसरा खोका फळीवर पहिल्याशेजारी ठेवला. फळीने एक आवाज काढला. तो आवाज काकांनी ऐकला असता तर म्हणाले असते, आठवड्यात जाईल. ती पाच मिनिटांत गेली. फळी, दोन खोके, चार खिळे आणि पोट सुटलेल्या भिंतीचा तळहाताएवढा तुकडा, सगळं खाली आलं. निवृत्त इन्स्पेक्टर खालून ओरडले, "भिंतीत काय होतं, सापडलं का?"

सापडलं. ताईला. चौथ्या खिळ्याच्या भोकातून एक वायर बाहेर लोंबत होती, मधोमध तुटलेली. ताईने ती बोटाने ओढली. कपाटामागे काहीतरी हललं. ती म्हणाली, "ही तुझ्या डाव्या स्पीकरची वायर आहे. पट्टी मारून वरून रंग तूच दिला होतास ना, दिसू नये म्हणून?"

मीच दिला होता. फारच छान दिला होता, मलाच दिसली नव्हती.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. त्या काळात रेकॉर्ड करताना वाद्यं वाटून द्यायचे, काही डाव्या बाजूला, काही उजव्या. आमच्या बँडचा गिटारवाला कायम डावीकडे. म्हणजे आठवड्यामागून आठवडे मी बँडच्या उजव्या अर्ध्या भागाचा निकाल लावत होतो. बॉक्स सेटसाठी फळी, फळीसाठी खिळा, आणि त्या खिळ्याने बॉक्स सेटच मुका केला.

ताईने वायर जोडली. मी सहावी सीडी लावली, अकरावा नंबर. इस्त्रीच्या कपड्यांखालून गिटार वाजायला लागली. एकटा माणूस. अगदी साधं, चुकतमाकत. दुसऱ्या मिनिटाला खुर्ची करकरली.

पुस्तकाचं सील फोडलं. त्यात स्पष्ट छापलं होतं, हे गाणं घरच्या टेपवर एकाच बाजूला सापडलं, तसंच ठेवलं आहे. एकच ओळ. माझे सोळा परिच्छेद होते.

आता कुणालाही वाटेल की मी धावत समोर गेलो. नाही गेलो. मी गटात लिहिलं की बहुधा या सेटच्या दोन आवृत्त्या निघाल्या असाव्यात, एक शांततेची आणि एक गाण्याची, आणि कदाचित काकांकडे दुसरी असेल. मला वाटलं, यात सगळ्यांची अब्रू राहते. दातवाला तत्काळ म्हणाला, हो, माझी शांततेची आहे. मास्तर म्हणाले, माझीही, आणि शांततेची दुर्मीळ आहे असं ऐकलंय.

मी फोनकडे बघत बसलो. यांच्या घरात तर खिळे नव्हते. मग हळूहळू उजेड पडला. दोघांचेही खोके सीलबंद होते, पहिल्या दिवसापासून. आमच्या चौघांत तो सेट दोन्ही कानांनी ऐकलेला एकच माणूस होता आणि त्याला आम्ही तिघे मिळून डोक्याच्या डॉक्टरकडे पाठवत होतो.

ताईने माझ्या खांद्यावरून मेसेज वाचला. एवढंच म्हणाली, "काकांची डॉक्टरकडची वेळ उद्या सकाळची आहे. वहिनी म्हणत होत्या."

गेलो. काकांचा खोका, तुटलेल्या वायरचा तुकडा आणि तो खिळा घेऊन. वहिनी चहा टाकायला आत गेल्या. मी खिळा टेबलावर ठेवला आणि सगळं सांगितलं. मध्ये दोनदा 'तांत्रिक अडचण' असं म्हणालो. काका खिळा उलटसुलट करून बघत होते.

"खुर्ची ऐकलीस?" त्यांनी विचारलं.

"ऐकली."

"किती वेळा करकरते?"

"एकदा."

"दोनदा," काका म्हणाले. "दुसऱ्यांदा तो उठतो."

मग त्यांनी खिळा टेबलावर ठेवला. आतून वहिनींच्या पावलांचा आवाज थांबला होता, म्हणजे त्या ऐकत होत्या. काका म्हणाले, "महिनाभर मी या घरात पाण्याचा नळ गळला तरी सुनेला विचारत होतो, तुला पण ऐकू येतंय ना. चाळीस वर्षं डेपोत कान गहाण टाकून पगार घेतला मी. मला एकदा वर येऊन ऐकता आलं नसतं का तुला? रस्ता ओलांडायचा होता फक्त."

मी काहीतरी पुटपुटलो, ते मलाही ऐकू आलं नाही.

त्यांनी मला तिथेच बसवून गटात लिहायला लावलं. मी लिहिलेलं वाचायला मागितलं. 'वायरमध्ये बिघाड झाल्याने' असं होतं, ते खोडायला लावलं. 'खिळा मी ठोकला आणि न तपासता लिहीत राहिलो' असं लिहून घेतलं. वयाबद्दलची ती ओळ परत एकदा लिहायला लावली आणि पुढे 'हे मी बोललो' असं. पाठव म्हणाले. पाठवलं. गटात दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी दातवाल्याने एक फोटो टाकला, टराटरा फाडलेलं प्लास्टिक आणि उघडा खोका.

पण तो नंतरचा भाग. त्या दिवशी वहिनींनी चहा आणला आणि कपाबरोबर स्कूटरची किल्ली टेबलावर ठेवली. मी निघालो तर काका दारापर्यंत आले. लिफ्ट वर येत होती. त्यांनी मान तिरकी केली.

"नवीन बेअरिंग घट्ट बसवलंय तुमच्या माणसाने. लिहून घे."

माझ्या बॅगेत फॉर्म असतोच. तक्रारदार, पत्ता, तक्रारीचं स्वरूप, सगळं भरलं. या वेळी 'आपली तक्रार नोंदवून घेतली आहे' असं म्हणालो नाही. लिफ्टच्या दाराला कान लावून ऐकलं. मला काही कळलं नाही, पण ऐकलं.

फॉर्मच्या खाली एक ओळ असते, तक्रारीचं निवारण समाधानकारक झालं का, आणि तिथे सही. मेकॅनिकने दुसऱ्या दिवशी बेअरिंग सैल केलं. संध्याकाळी मी फॉर्म घेऊन काकांकडे गेलो आणि पेन पुढे केलं.

काकांनी फॉर्म घेतला, चष्मा लावून वाचला, घडी घातली आणि खिशात टाकला.

"इतक्यात सही नाही करत मी," ते म्हणाले. "चालवून बघतो थोडे दिवस. ये, बस. सातवी लाव."